आधी वचनगुप्ती, मग भाषासमिती

दशलक्षण पर्वात रोज सकाळी मोठ्यानं पूजा म्हटली, संध्याकाळी मुलांची पाठशाळा घेतली आणि माझा आवाज बसला. महिना झाला तरी सुटेना. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. स्वरतंतूंवर दोन बारीक गाठी. साध्याच, पण 'आधी आवाजाचे व्यायाम, ऑपरेशनचं नंतर बघू' म्हणाले. घरात कुणालाच पटेना. गाठ का कधी व्यायामानं जाते?

मी वाचायला बसले आणि पोचले १८४१ च्या पॅरिसला. स्वीडनची जेनी लिंड, वय जेमतेम वीस. स्टॉकहोमच्या रंगभूमीवर गाऊन गाऊन आवाज पार शिणलेला. ती मानुएल गार्सिया या नामवंत गुरूंकडे आली. त्यांनी लगेच शिकवायला घेतलंच नाही. काही आठवडे गाणं बंद, बोलणंही होईल तेवढं कमी, मग या! ती आली, तेव्हा श्वासापासून सगळं नव्यानं शिकवलं. १८४२ मध्ये ती स्टॉकहोमला परतली, १८४७ मध्ये लंडन आणि १८५० मध्ये अमेरिका तिनं गाजवली.

तिला गाठी होत्या का? कोण सांगणार! गाणाऱ्या माणसाचे स्वरतंतू तेव्हा कुणाला दिसतच नव्हते. ते दाखवले याच गार्सियांनी. १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा त्यांनी स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशानं ऊन आत पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. गाण्याच्या मास्तरांनी डॉक्टरांना वाट दाखवली! पुढे गाठी दिसू लागल्या, तशा काढताही येऊ लागल्या. पण ताणून बोलायची सवय तशीच राहिली, तर काढलेली गाठ पुन्हा येऊ शकते. गार्सियांनी सवयच बदलली होती.

आपण लहानपणी तीन गुप्ती, पाच समिती पाठ करतो. वचनगुप्ती म्हणजे वाणी आवरणं, भाषासमिती म्हणजे जपून बोलणं. शास्त्राचा रोख अहिंसेकडे आहे, घशाकडे नाही, हे मला कळतं. पण आपण बायका गप्प बसण्यालाच औषध समजतो. जेनी नुसती गप्प राहिली असती, तर पुन्हा गायला लागताच आवाज पुन्हा शिणला असता.

प्रत्येक गाठ व्यायामानं जात नाही, काहींना ऑपरेशन लागतंच. म्हणून आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहिला तर आधी तपासून घ्या. माझ्या गाठी मात्र तीन महिन्यांत विरल्या. स्पीच थेरपिस्ट बाईंनी नळीतून फुंकत सूर काढायला शिकवलं, घोट घोट पाणी प्यायला लावलं, ओरडणं सोडवलं.

पाठशाळेत आता मी टाळी वाजवते. मुलं पूर्वीपेक्षा लवकर गप्प होतात.