व्हॉइनिच पोथी व तिचे वाचक

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकास दोन व्यसनें जडतात : एक जमविण्याचें व दुसरें उलगडण्याचें. पहिल्यानें द्रव्य जातें. दुसऱ्यानें झोंप जाते व प्रसंगीं विवेकहि जातो. या दुसऱ्या व्यसनाचा विचार करण्यास अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयांतील ४०८ क्रमांकाची पोथी फार उपयोगी आहे.

व्हॉइनिच या ग्रंथविक्रेत्यानें ही पोथी इ. स. १९१२ त इटलींत विकत घेतली. १९६९ त ती येल येथें देणगीदाखल आली. सुमारें २४० पृष्ठें, चर्मपत्र, लिपि इतरत्र कोठेंहि न आढळणारी. वनस्पति, नक्षत्रचक्रें व स्नान करणाऱ्या स्त्रिया यांचीं चित्रें. कार्बन-परीक्षेनें चर्मपत्र इ. स. १४०४ ते १४३८ च्या दरम्यानचें ठरलें आहे. मजकुराचें सर्वमान्य वाचन मात्र अद्यापि झालेलें नाहीं.

तिचा पहिला ज्ञात वाचक प्रागचा किमयागार जॉर्ज बारेश. त्यानें १६३९ त रोम येथील पंडित किर्खर यास पत्र लिहून साहाय्य मागितलें. पुढें पोथी बारेशचा मित्र मार्सी याजकडे आली. ती किर्खरकडे पाठवितांना मार्सीनें कळविलें कीं, पूर्वीच्या धन्यानें तिच्यापायीं अखंड श्रम केले व प्राणाबरोबरच आशा सोडली.

न्यूबोल्ड या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाच्या अध्यापकानें १९२१ त उलगडा जाहीर केला. पोथी रॉजर बेकनची असून प्रत्येक अक्षर भिंगाखालीं दिसणाऱ्या सूक्ष्म खुणांचें बनलें आहे, असें त्याचें म्हणणें. तो १९२६ त वारला. त्याचाच स्नेही मॅन्ली यानें १९३१ त दाखविलें कीं, त्या खुणा म्हणजे चर्मपत्रावर वाळून तडकलेली शाई. शिवाय अक्षरांची हवी तशी उलटापालट करूं दिल्यास वाटेल तो अर्थ निघतो. न्यूबोल्ड लबाड नव्हता. दीर्घकाळ एकाच पानावर खिळलेल्या दृष्टीस जें पाहिजे होतें तेंच दिसूं लागलें.

याच पोथीचा दुसरा वाचक विल्यम फ्रीडमन. जपानच्या ‘जांभळ्या’ संकेतयंत्रावर त्याच्या हाताखालील मंडळींनीं सुमारें दीड वर्ष काम केलें. सप्टेंबर १९४० त तें यंत्र उलगडलें. जानेवारी १९४१ त फ्रीडमनचें मन खचून तो लष्करी रुग्णालयांत दाखल झाला व सुमारें तीन महिने तेथेंच होता. इंग्लंडास तोच जावयाचा होता. त्याच्या जागीं सिंकोव्ह गेला व काम अडलें नाहीं. आपण उठलों तर सर्व थांबेल, हा ध्यासाचा मोठा भ्रम असतो. १९४४ त फ्रीडमननें कचेरीच्या वेळेनंतर कांहीं सहकारी जमवून या पोथीचा अभ्यास आरंभिला. पण वाचन सांपडल्याची घोषणा कधींच केली नाहीं. ती कृत्रिम भाषेंत असावी हा आपला तर्कहि त्यानें १९५९ त अक्षरें विस्कटूनच छापला. तो उघड झाला १९७० त, त्याच्या मृत्यूनंतर.

आपल्याकडील महानुभावांची सकळ लिपि अशीच गूढ होती. परंतु अक्षरास अक्षर बदलण्याची तिची किल्ली पंथांत जिवंत राहिली. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं ती बाहेरील अभ्यासकांस मिळतांच अनेक पोथ्या वाचतां येऊं लागल्या. व्हॉइनिच पोथीस अशी परंपरा नाहीं. तेथें वाचकास आंवरणारें त्याच्या स्वतःच्या विवेकावांचून कोणी नाहीं, आणि तो विवेक जागरणानें प्रथम थकतो.

हें आम्ही परक्यांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. एका मोडी पत्राची मिति आम्हीं मध्यरात्रीपर्यंत बसून ‘छ १७’ अशी लाविली व तीवरून चार पानें टांचण केलें. सकाळीं उजेडांत पाहतों तों तो एकाचा आंकडा म्हणजे कसरीनें कुरतडलेल्या छिद्राची बांकदार कड! मिति ‘छ ७’ होती. टांचण फाडावें लागलें. तें छापलें गेलें नव्हतें एवढेंच समाधान.

तेव्हांपासून नवें वाचन निदान एक रात्र मिटून ठेवावें, दुसऱ्या दिवशीं मूळ कागदावरून पुन्हा करावें व दोन्ही जुळलीं तरच पुढें जावें, असा नियम आम्हीं केला आहे. पोथी शतकानुशतकें थांबली आहे; ती उद्यां सकाळपर्यंत खचित थांबेल.