‘कंपनी’, जी कंपनी नव्हती : फिरत्या करमणुकीच्या मालकीचा इतिहास

#थ्रेड

१/
करमाळ्यातल्या माझ्या एका बालमित्राने मामेभावासोबत एक जुना टेम्पो घेतला आहे. हवा भरून उभा राहणारा पडदा, प्रोजेक्टर, ध्वनियंत्रणा आणि जनरेटर त्यात घालून यात्रा-जत्रांत चित्रपट दाखवायचा, असा बेत. कर सल्लागाराने पहिल्याच भेटीत विचारले : एकट्याची मालकी, भागीदारी, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड? मित्राने तोच प्रश्न माझ्याकडे वळवला. “तू इतिहासवाला. आधीच्यांनी काय केलं, ते सांग.”

२/
प्रश्न कायद्याचा होता, पण उत्तराचा मोठा भाग इतिहासात आहे. महाराष्ट्राला फिरत्या करमणुकीचा दीडशेहून अधिक वर्षांचा अनुभव आहे : नाटक मंडळ्या, तमाशाचे फड, सर्कशी, तंबूतले सिनेमे. या प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरे शोधली. नाव कोणाचे? सामान कोणाचे? आणि कर्ज कोणाचे? आजचा धागा या तीन प्रश्नांचा.

३/
आरंभ सांगलीत. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवले, ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. तेव्हा मालकीचा प्रश्नच नव्हता. खर्च दरबाराचा, कलावंत दरबाराशी बांधलेले, प्रेक्षक दरबाराचे निमंत्रित. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि हा आधार सुटला.

४/
भाव्यांनी मग खेळ घेऊन प्रवास केला. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे तिकीट लावून प्रयोग झाले. मराठी करमणूक ‘व्यवसाय’ झाली ती येथे. आश्रयदाता गेला, तिकीट घेणारा आला. नफा जसा आपला झाला, तसा तोटाही आपलाच झाला. बैलगाडीचे भाडे, मंडळींचे जेवण, पावसाने बुडालेला खेळ, सारे चालकाच्या शिरावर.

५/
पुढे ‘नाटक कंपनी’ हा शब्द मराठीत इतका रुळला की ‘कंपनीत पळून जाणे’ हा घरोघरी धाक घालण्याचा वाक्प्रयोग झाला. गंमत अशी, की यातल्या बहुतेक कंपन्या कायद्याच्या अर्थाने कंपन्या नव्हत्याच. नोंदणीकृत कंपनी ही तिच्या सभासदांहून वेगळी अशी कायदेशीर ‘व्यक्ती’ असते. ती स्वतःच्या नावाने कर्ज काढते आणि स्वतःच बुडते. आपल्या मंडळ्या म्हणजे एक मालक, किंवा दोन-चार भागीदार.

६/
कायदा नव्हता म्हणून असे झाले, हे मात्र खरे नाही. हिंदुस्थानात कंपनी नोंदणीचा पहिला कायदा १८५० चा. सभासदांची जबाबदारी मर्यादित ठेवण्याची मुभा १८५७ पासून. भागीदारीचे नियम १८७२ च्या करार कायद्यातल्या एका प्रकरणात होते. त्यांचा स्वतंत्र कायदा १९३२ साली झाला. १८८२ च्या कंपनी कायद्यानुसार वीसहून अधिक जण मिळून नफ्यासाठी धंदा करणार असतील, तर नोंदणी सक्तीची होती.

७/
मग मोठाल्या नाटक मंडळ्या या तरतुदीतून कशा सुटल्या? उत्तर साधे आहे. मंडळीत माणसे पुष्कळ, पण मालक मूठभर. बाकी नट, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी हे पगारी. पगारी माणूस भागीदार नसतो. नफा नाही, म्हणून तोटाही नाही. आणि म्हणूनच कारभारात आवाजही नाही. मंडळ्यांमधल्या बहुतेक फुटींचे बीज या रचनेत आहे.

८/
ही रचना केवळ आपली नव्हे. १५९४ साली लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या लॉर्ड चेंबरलेन्स मेन या नाटकमंडळीत शेक्सपियर ‘शेअरर’, म्हणजे हिस्सेदार होता; पगारी नट वेगळे. १५९९ साली ग्लोब नाट्यगृह उभे राहिले, तेव्हा त्याचा अर्धा हिस्सा बर्बेज बंधूंकडे आणि उरलेला अर्धा शेक्सपियरसह पाच नटांकडे होता. खेळाची मालकी एक, इमारतीची दुसरी. शेक्सपियर सधन झाला तो मुख्यतः या हिश्श्यांमुळे, केवळ लेखणीमुळे नव्हे.

९/
आता किर्लोस्कर नाटक मंडळी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पाचच वर्षांनी, २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अण्णासाहेब किर्लोस्कर गेले. भागीदारीचा सर्वसाधारण नियम असा, की करारात वेगळे ठरले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. एकट्याचा धंदा तर त्याच्याबरोबरच थांबतो.

१०/
मंडळी मात्र थांबली नाही. भाऊराव कोल्हटकर, मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर अशा नटांच्या बळावर ती उभी राहिली. १९०१ मध्ये भाऊराव गेले, १९११ मध्ये नानासाहेब जोगळेकर गेले, तरी ‘किर्लोस्कर’ हे नाव तिकीटबारीवर चालतच राहिले. माणूस जातो आणि नाव कमावत राहते, हा धडा मराठी रंगभूमीने येथे घेतला. पण ते नाव नेमके कोणाच्या मालकीचे, हा वाद मिटला नव्हता. तो केवळ लांबला होता.

११/
१९१३ साली तो उफाळला. कारभाराविषयीचा असंतोष वाढत गेला आणि बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले. ५ जुलै १९१३ रोजी गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली, या तिघांच्या भागीदारीत. जुन्या मंडळीकडे नाव, पडदे आणि कपडे राहिले. पण आवाज निघून गेला. फिरत्या करमणुकीची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे माणूस. तो तारण ठेवता येत नाही आणि त्याच्यावर जप्तीही आणता येत नाही.

१२/
पुढे टेंबे वेगळे झाले, काही वर्षांनी बोडसही. नाव बालगंधर्वांचे होते, कीर्ती त्यांची होती आणि अखेरीस कर्जही त्यांचेच झाले. भरजरी शालू, उंची अत्तरे, खरे दागिने यांवर त्यांनी हात आखडला नाही. १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जात असताना मालकीची सारी धुरा एकट्या त्यांच्याकडे आली. पुढची अनेक वर्षे ते रंगमंचावर उभे राहून ते कर्ज फेडत होते.

१३/
येथे थोडे थांबावे. आपण या कथेकडे कलावंताच्या सचोटीची कथा म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. पण तिला कायद्याची दुसरी बाजू आहे. मालकी एकट्याची असली, की धंद्याचे कर्ज आणि माणसाचे कर्ज यांत भिंत नसते. भागीदारीतही नसते : प्रत्येक भागीदार संपूर्ण कर्जाला जबाबदार असतो, केवळ आपल्या हिश्श्यापुरता नव्हे. सावकार ज्याच्याकडून वसुली सोपी, त्याच्याकडे जातो.

१४/
उलट उदाहरण ललितकलादर्शचे. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीत ही संस्था काढली आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये, ऐन एकतिशीत, ते गेले. त्याआधी तीनच महिने, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसोबत त्यांचा संयुक्त ‘मानापमान’ गाजला होता. त्यांच्यामागे बापूराव पेंढारकरांनी संस्था सांभाळली आणि पुढे ती भालचंद्र पेंढारकरांपर्यंत चालली. मागे कोण, याचे उत्तर तयार असले की नाव टिकते.

१५/
तिसरे उदाहरण अधिक कठोर. चिंतामणराव कोल्हटकर, मास्टर दीनानाथ आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. बोलपटांनी नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला, तेव्हा मंडळीने चित्रपट काढायचे ठरवले. धंदा बदलला, पण जोखीम त्याच माणसांच्या माथी राहिली. चित्रपटाचा घाट अंगाशी आला आणि मंडळीही उरली नाही. नवा धंदा वेगळ्या खात्यात ठेवला असता तर जुना वाचला असता का, हा प्रश्न मला कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ वाचताना नेहमी पडतो.

१६/
आता तमाशाकडे वळू. फडांच्या पाट्या नीट वाचा : ‘दत्ता महाडिक पुणेकर सह गुलाबराव बोरगावकर’, ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. या ‘सह’मध्ये एक अख्खा करार दडलेला आहे. कोणाचे नाव आधी, कोणाचे नंतर, अक्षरे किती मोठी, याला महत्त्व असते, कारण गावचे पंच नाव पाहून सुपारी देतात.

१७/
काही फड घराण्याचे. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात भाऊंची कन्या विठाबाई वाढल्या, पुढे तमाशासम्राज्ञी झाल्या, आणि त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला. कायदा येथे एक बारीक भेद करतो. कुटुंबाचा हिस्सा जन्माने मिळतो. भागीदारी जन्माने येत नाही, ती कराराने येते. भावाभावांनी, मामे-आतेभावांनी एकत्र धंदा केला म्हणून सारे काही आपोआप ‘घरचे’ होत नाही.

१८/
फडाचे अर्थकारण उचलीवर चालते. हंगामाआधी मालक कलावंतांना उचल देतो. त्यासाठी स्वतः कर्ज काढतो. नारायणगावच्या राहुट्यांवर जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात आणि त्यातून ते फिटते. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे जत्राच भरल्या नाहीत. उचल वाटून झाली होती, सुपाऱ्या रद्द झाल्या, व्याज चालूच राहिले. पाल उतरवून ठेवता येते, कर्ज ठेवता येत नाही.

१९/
तंबूतल्या सिनेमाची गोष्टही हीच. दादासाहेब फाळके आरंभी आपले चित्रपट आणि यंत्रे बैलगाडीतून गावोगाव नेत. भांडवल हवे झाले, तेव्हा १९१८ साली नाशिकला भागीदारांसह हिंदुस्तान फिल्म कंपनी आली. भांडवलाबरोबर भागीदारांचे मतही आले. मतभेद झाले, फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि काही काळाने परतले. पैसा आत घेताना आपण अधिकाराचा एक तुकडा बाहेर देतो, हे त्यांना अनुभवाने कळले.

२०/
मग मित्राला काय सांगितले? प्रथम, आजचे पर्याय. एकट्याची मालकी : सोपी, स्वस्त, पण भिंत नाही. भागीदारी : भिंत नाहीच, शिवाय एका भागीदाराने संस्थेच्या नावाने घेतलेली सुपारी दुसऱ्यालाही बांधते. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या भागीदारीला करारातले पैसे बुडवणाऱ्यावर दावा लावता येत नाही. आणि बाहेर पडताना जाहीर नोटीस दिली नाही, तर मागाहूनच्या व्यवहारांची जबाबदारीही चिकटू शकते.

२१/
२००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, ही ती भिंत उभी करते. खेळ बुडाला तरी सहसा घर जात नाही. मोबदल्यात दरवर्षी विवरणपत्रे भरावी लागतात, धंदा झाला असो वा नसो. प्रायव्हेट लिमिटेडचे सोपस्कार त्याहून अधिक. एक सावधगिरी : बँक अनेकदा भागीदारांची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केली, की त्या कर्जापुरती भिंतीला खिंडार पडते.

२२/
मग मी त्याच्यापुढे तीन प्रश्न ठेवले. टेम्पोच्या पाटीवरचे नाव उद्या दोघे वेगळे झालात तर कोण वापरणार? (किर्लोस्कर आठवा.) टेम्पो आणि प्रोजेक्टर कोणाच्या नावावर, आणि एकाचे बरेवाईट झाले तर त्याच्या घरच्यांना काय? (ललितकलादर्श आठवा.) कर्ज काढायचे ते कोणाच्या सहीने आणि किती मर्यादेपर्यंत? (गंधर्व आठवा.) तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामाला हे कसं विचारू? त्याला वाटेल, माझा विश्वास नाही.”

२३/
मला वाटते, खरी अडचण हीच आहे आणि ती जुनी आहे. आपल्याकडे करार मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे मानले जाते. पण ज्या मंडळ्या फुटल्या, त्यांतले लोक आरंभी एकमेकांवर जीव टाकणारेच होते. कागद भांडणासाठी नसतो. भांडण झाल्यावरही नाते उरावे म्हणून असतो.

२४/
गेल्या आठवड्यात दोघे भाऊ मामांसमोर बसले. चार तास लागले. पहिला हंगाम नोंदणीकृत भागीदारीने काढायचा, बाहेरचे कर्ज घ्यायची वेळ आली की आधी एलएलपी करायची, असे ठरले. नाव, टेम्पो आणि सहीची मर्यादा, तिन्ही गोष्टी मुद्रांकावर आल्या. वारसाचे कलम मामांनी स्वतः घालायला लावले.

२५/
कार्तिकात कमलाभवानीच्या यात्रेला देवीच्या माळावर त्यांचा पहिला खेळ आहे. पाटी रंगवून झाली. दोन्ही भावांची नावे आहेत, मध्ये ‘सह’. कोणाचे आधी, यावर मात्र शेवटी नाणे उडवावे लागले.

धागा समाप्त. तुमच्या गावच्या यात्रेत कोणत्या फडाची, कोणत्या टूरिंग टॉकीजची पाटी पाहिल्याचे घरचे थोर सांगतात? नावे आणि शक्य तर सालही खाली लिहा.