गंभीर दुखापत आणि संप्रेरकांचा बचाव

सोलापूर-हैदराबाद महामार्ग हुमनाबादवरून जातो. तेथून कलबुर्गी सुमारे ६० किलोमीटर. अपघातातील गंभीर जखमीला या वाटेवर काही काळ तगवून धरतात ती त्याच्याच शरीरातील संप्रेरके.

दुखापत होताच अधिवृक्क ग्रंथींतून काही सेकंदांत अ‍ॅड्रेनालिन स्रवते. नाडी जलद होते, त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त मेंदू व हृदयाकडे वळते. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढते. यकृतातील साठा रक्तात उतरतो; म्हणून मधुमेह नसलेल्या जखमीचीही रक्तशर्करा वाढलेली आढळते. व्हॅसोप्रेसिन व अल्डोस्टेरॉन मूत्रावाटे जाणारे पाणी रोखतात.

या बचावामुळेच प्रौढाच्या सुमारे ५ लिटर रक्तापैकी एक लिटर गेले, तरी रक्तदाब पुष्कळदा सामान्य दिसतो. केवळ त्या आकड्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे. जलद नाडी, गार व घामेजलेली त्वचा, वाढती अस्वस्थता ही खरी पूर्वसूचना होय.

संप्रेरके मुदत देतात, रक्तस्राव थांबवीत नाहीत. जखम घट्ट दाबून धरणे आणि कर्नाटकात २००८ पासून सुरू असलेली १०८ रुग्णवाहिका तत्काळ बोलावणे, हाच त्या मुदतीचा सदुपयोग.