आठ दिवसांची आवराआवर

जुने घर पाडून नवे बांधण्याचे ठरले, किंवा गावचे घर बंद करून शहरातील सदनिकेत राहावयास जाण्याचे ठरले, की सर्वांत आधी माळा उतरवावा लागतो. वर्षानुवर्षे नजरेआड राहिलेल्या वस्तू मग एकेक करून अंगणात येतात. पितळी हंडे, आजोबांची पत्र्याची ट्रंक, वाळवीने कडा खाल्लेली प्रार्थनापुस्तके, कोणाचे ते कोणालाच न आठवणारे छायाचित्र, आल्तारावरची हात मोडलेली मूर्ती. काय न्यावे, काय कोणास द्यावे आणि काय टाकावे यावर घरात दोन-चार दिवस वाद चालतो. अखेर टेम्पो दारात उभा राहतो आणि ज्याचा निर्णय झालेला नसतो ते सारे ढिगावर जाते. नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला बोलावणे येते, तेव्हा वाटेत हा ढीग आमच्या दृष्टीस अनेकदा पडला आहे. तो पाहिला की सन १७३९ च्या मे महिन्यातील आठ दिवस आम्हांला आठवतात. त्या आठ दिवसांत एका संपूर्ण शहराने आपला संसार आवरला होता.

ते शहर म्हणजे आपली वसई. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. पुढील दोनशे वर्षांत खाडीच्या मुखाशी एक तटबंद नगर उभे राहिले आणि पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची ती राजधानी झाली. तटाच्या आत संत जोसेफचे मुख्य मंदिर होते. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, दोमिनिकन व अगस्तीनियन संन्याशांचे मठ होते. विद्यालय होते आणि उमरावांचे वाडे होते. आपले पूर्वज बहुतांशी तटाबाहेर राहत. शेतांत, बागायतींत आणि किनाऱ्यावरील वाड्यांत त्यांची घरे होती. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा फरक ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

सन १७३७ मध्ये ठाणे व साष्टी मराठ्यांनी घेतली. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पा स्वतः वसईसमोर येऊन ठेपले. तीन महिने वेढा चालला. सुरुंगांनी बुरूज उडाले, दोन्ही बाजूंनी मोठा संहार झाला. पोर्तुगिजांचे सुमारे आठशे लोक ठार वा जखमी झाले, तर मराठ्यांनी आपली हानी पाच हजारांची सांगितली. वेढ्याच्या काळात गडावरील पैसा इतका आटला, की मुंबईच्या इंग्रजांकडून पंधरा हजार रुपये कर्जाऊ घेताना मंदिरांतील चांदीची पात्रे आणि काही पितळी तोफा तारण ठेवाव्या लागल्या. ज्या पात्रांतून पिढ्यान्‌पिढ्या मिस्सा अर्पण झाला, ती सावकाराच्या तिजोरीत जाऊन पडली. शहर सोडण्याची वेळ येण्यापूर्वीच शहराची आवराआवर सुरू झाली होती, असेच म्हणावे लागेल.

१६ मे १७३९ रोजी कायतानु द सौझा पेरैरा याने शरणागतीच्या अटींवर सही केली. त्या अटी उदार होत्या. शिबंदीने हाती शस्त्रे घेऊन, नगारे वाजवीत आणि निशाणे फडकवीत बाहेर पडावे. रहिवाशांनी आपले कुटुंब आणि जंगम मालमत्ता घेऊन जावे. जे ख्रिस्ती स्वखुशीने मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक असावी. या सर्व आवराआवरीसाठी आठ दिवसांची मुदत मिळाली. जिंकणाऱ्याने शत्रूला सामान बांधण्यास वेळ दिला, ही गोष्ट आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी कृतज्ञतेने स्मरणात ठेवावी अशी आहे.

जंगम म्हणजे जे हलवता येते ते. हा शब्द कागदावर सोपा असला तरी घरात उभे राहिल्यावर तो फार कठीण होतो. मे महिन्याचा उत्तरार्ध होता. पाऊस तोंडावर आला होता आणि समुद्र बंद होण्याची वेळ झाली होती. होड्यांत जागा थोडी होती आणि माणसे पुष्कळ. दोनशे वर्षांच्या संसारातून काय उचलावे? दागिने आणि रोकड उचलली जाते, कपडे उचलले जातात, चांगल्या मूर्ती उचलल्या जातात. मंदिराच्या भिंती, कमानी, विहिरी, वाड्यांचे जोते मात्र उचलता येत नाहीत. पूर्वजांच्या कबरीही उचलता येत नाहीत. आजही किल्ल्यातील फ्रान्सिस्कन मंदिराच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या त्या शिळा आहेत. सहलीला आलेली मुले त्यांवरून धावतात.

साऱ्याच घंटाही मनोऱ्यांवरून उतरवून नेता आल्या नाहीत. मोहिमेनंतर त्यांतील कित्येक देशावर गेल्या आणि मंदिरांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे. आपल्यापैकी काहींना या घंटा पाहून खेद होतो. आम्हांला मात्र वाटते, की त्या वितळवून तोफा ओतल्या गेल्या असत्या तर आज कोणाच्याच कानी पडल्या नसत्या. परक्या घरी गेलेली वस्तू तेथे मानाने राहिली. नाशिककर तर गोदावरीच्या महापुराची गोष्ट सांगताना याच घंटेचा दाखला देतात.

२३ मे रोजी शहर रिकामे झाले. बाहेर पडलेल्यांनी पावसाळा मुंबईत काढला आणि मग सैनिकांची तुकडी चौलमार्गे गोव्याकडे निघाली. त्या वाटेवरही सुख नव्हते. गोव्याच्या सीमेजवळ सावंतांशी गाठ पडून तिची मोठी हानी झाली. ज्या चौलातून ते गेले, तेही पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, पोर्तुगिजांनी तहाने सोडून दिले. एका घरातून निघालेला माणूस दुसऱ्या घरात टेकतो न टेकतो तोच ते घरही मोडावे, असा तो काळ होता.

आता तटाबाहेरच्या लोकांकडे वळू. त्यांनी सामान बांधले नाही. त्यांना जाण्यासाठी दुसरा देश नव्हता. भाताची खाचरे, केळीच्या बागा, जाळी आणि होड्या हीच त्यांची मालमत्ता होती आणि ती येथील मातीला व पाण्याला बांधलेली होती. त्यांच्या डोक्यावरचे राज्य बदलले. बहुतेक युरोपीय संन्यासी निघून गेले. काही मंदिरे मोडली, काहींचे छप्पर गेले. धर्म टिकेल असे मानण्यास बाह्य कारण फार थोडे उरले होते.

तरी तो टिकला. गोव्याकडून आलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंनी मिस्सा चालू ठेवला. फ्रेंच विद्वान आंकेतील-द्यु पेराँ १७६० च्या सुमारास साष्टीत आला, तेव्हा ठाण्याच्या एका सणाला हजारो ख्रिस्ती मोकळेपणाने जमलेले त्याने पाहिले. धर्मगुरू देशी आणि भाविकही देशी होते. इतक्या लोकांनी वीस वर्षे काय सांभाळले होते? चांदी त्यांच्यापाशी नव्हती. संध्याकाळी घरात म्हटली जाणारी जपमाळ त्यांच्यापाशी होती. आजीने नातवाच्या कपाळावर, छातीवर बोट फिरवून शिकविलेली क्रुसाची खूण होती. अंगणातील क्रूस होता. जे पेटाऱ्यात मावत नाही आणि ज्याला सावकार तारण म्हणून घेत नाही, तेच त्यांच्याकडे होते.

यावरून वस्तूंना काहीच मोल नाही असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. तोंडी परंपरेलाही आधार लागतो, आणि तो पुष्कळदा एखाद्या जीर्ण कागदाचा असतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती लागत नाही. मग आपल्या मराठीचे हे लेणे वाचले कसे? लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून स्थलांतर करून दक्षिण कानडात गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी आपल्या सामानातून हे काव्य नेले. तेथे १७८४ मध्ये टिपू सुलतानाने त्यांना पकडून श्रीरंगपट्टणास नेले, त्यांची घरेदारे उद्ध्वस्त झाली. तरीही काही हस्तलिखिते उरली. त्या बाजूस जपल्या गेलेल्या प्रतींच्या आधारेच १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला ‘ख्रिस्तपुराणा’ची नवी आवृत्ती सिद्ध केली. ज्या कोणी बोचके बांधताना एखादे भांडे कमी घेऊन ती वही आत ठेवली असेल, त्याचे नाव आपणांस माहीत नाही. पण त्याचे ऋण आपल्यावर आहे.

पवित्र शास्त्रातील सर्वांत मोठे स्थलांतर म्हणजे इस्राएल लोकांचे मिसरातून निघणे. तेही घाईचे होते. खमीर न घातलेली कणीक त्यांनी कापडात बांधून खांद्यावर घेतली. सोन्यारुप्याचे दागिनेही त्यांनी नेले. त्याच सोन्यातून पुढे वासरू घडले आणि निवासमंडपासाठीही सोनेच अर्पण केले गेले. म्हणजे सोने स्वतः काहीच ठरवीत नाही, नेणारा ठरवतो. मोशेने मात्र त्या रात्री आणखी एक गोष्ट सोबत घेतली. त्या होत्या योसेफाच्या अस्थी. बाजारात त्यांना किंमत नव्हती. वाडवडिलांनी दिलेला शब्द त्यांच्याशी बांधलेला होता, म्हणून त्या घ्यावयाच्या होत्या.

आज आपल्या गावांतून कौलारू घरे वेगाने नाहीशी होत आहेत. यात दोष कोणाचा नाही. वाढत्या कुटुंबाला जागा हवी आणि पावसात गळणाऱ्या घराची दुरुस्ती सोपी नसते. आमचे सांगणे एवढेच, की माळा उतरवताना मजुराला मोकळीक देऊ नये. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला अंगणात खुर्ची द्यावी आणि प्रत्येक वस्तू त्याच्या नजरेखालून जाऊ द्यावी. छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे लिहावीत. जुनी पत्रे, जमिनीचे कागद, लग्नातील गीतांच्या वह्या, हस्तलिखित प्रार्थना रद्दीत घालण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून दाखवाव्यात. मोडलेली मूर्ती ढिगावर न टाकता आमच्याकडे आणावी.

हे सांगताना आम्ही धर्मगुरू स्वतःला निर्दोष ठरवीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मंदिरांची अंतर्गत रचना बदलली, तेव्हा नक्षीदार लाकडी वेद्या, जुने ग्रंथ आणि वस्त्रे आमच्याच हातून पुष्कळ ठिकाणी अडगळ म्हणून निघून गेली. वसईच्या रहिवाशांना आठ दिवस मिळाले होते आणि तटाबाहेर शत्रू उभा होता. आम्हांला अनेक वर्षे मिळाली आणि दाराशी कोणीही उभे नव्हते. त्यांनी सोडले ते नाइलाजाने. आम्ही टाकले ते विचार न करता. ज्यांच्या माळ्यावर अद्याप काही शिल्लक आहे, त्यांनी टेम्पो बोलावण्याआधी आठ दिवस घ्यावेत.