गिरमिटाचा जमाखर्च

परदेशगमनाने मजुराचे दैन्य फिटते काय, हा प्रश्न आज आखाती देशांच्या संदर्भात विचारला जातो. आम्हांला मात्र त्याचे उत्तर मॉरिशसमध्ये शोधावेसे वाटते. कारण तेथे हा हिशेब तीन-चार पिढ्यांपर्यंत मांडता येतो आणि त्यात रत्नागिरीकडून गेलेली मराठी माणसेही आहेत.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे गेले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले. (मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार, हा योगायोग आम्हांला नेहमीच बोचक वाटत आला आहे.) सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा ठरलेला असे. गावाकडच्या, अनेकदा धान्यातच मिळणाऱ्या मजुरीच्या तुलनेत हा रोख आकडा मोहक होता. पण खरी मेख ‘दुहेरी कपाती’त होती: एक दिवस गैरहजेरी, तर दोन दिवसांचा पगार बुडे. सव्वीस दिवसांच्या महिन्यात चार दिवस तापाने पडलेल्या मजुराचे पाचातले दीड रुपये जात. वेतनाचा दर तर दशकानुदशके फारसा हललाच नाही. १८५० च्या दशकात परतीच्या फुकट प्रवासाचा हक्कही गेला. करार संपलेल्यांवर १८६७ च्या कायद्याने छायाचित्रासह पास बाळगण्याची सक्ती आली. त्याविरुद्ध १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला आणि पुढे शाही आयोग नेमला गेला.

तोटाच म्हणावा, तर साधारण एक तृतीयांशच लोक परतले. १८८० नंतर साखरेचा भाव पडला, मळेवाल्यांनी कडेकडेची जमीन तुकड्यांनी विकायला काढली आणि ती घेणाऱ्यांत गिरमिटियांची मुले होती. १९२० च्या सुमारास उसाखालील चाळीस टक्क्यांहून अधिक जमीन भारतीयांकडे होती. मात्र ती सर्वांना मिळाली असे समजणे भाबडेपणाचे. आरंभी पैसा साठला तो मुख्यतः मुकादमांकडे, ज्यांना तेथे ‘सरदार’ म्हणत. ते कर्ज देत, मजूर पुरवीत आणि मग जमीन घेत. ज्याच्या मजुरीवर हे भांडवल उभे राहिले, तो पुष्कळदा उसाच्या फडातच म्हातारा झाला. लाभ झाला तो नातवाला. आणि त्या नातवाला रत्नागिरीतले आपले गाव कोणते, हे बहुधा सांगता येत नसे.