खर्जाची अडचण : बेस गिटारसाठी कोरस पेडल निवडताना (थ्रेड)

१/ गेल्या आठवड्यात एका वाचकाचा संदेश आला. तो महाविद्यालयातल्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. साठवलेल्या पैशांतून त्याला एकच कोरस पेडल घेता येणार आहे, आणि इतिहासाची आवड असल्यामुळे त्याचा जीव १९७६ सालच्या बॉस सीई-१ या पहिल्या पेडलावर जडला आहे. 'जे मूळ, तेच उत्तम ना?' असा त्याचा प्रश्न. उत्तर इतिहासातच आहे. पण त्याला ऐकायचे आहे ते नव्हे.

२/ आधी कोरस म्हणजे काय ते पाहू. वारीच्या दिंडीत शंभर जण एकच अभंग एका सुरात म्हणतात. तरीही कोणी केसभर चढा असतो, कोणी किंचित उतरा, कोणी क्षणभर मागे. या बारीक फरकांच्या बेरजेतून जो भरीव, हलता नाद उठतो, तो एकट्या गळ्यातून निघत नाही. कोरस पेडल हीच किमया एका वाद्यावर करू पाहते. ते आलेल्या ध्वनीची एक प्रत तयार करते, तिला काही मिलिसेकंद मागे ठेवते, तो विलंब सतत थोडा कमी-अधिक करत राहते आणि ती प्रत मूळ ध्वनीत मिसळते. विलंब बदलत असल्यामुळे प्रतीची तारताही किंचित वर-खाली होते. एक वाजवणारा असतो. ऐकणाऱ्याला दोन-तीन भासतात.

३/ ही हौस विजेच्या कितीतरी आधीची आहे. युरोपातल्या चर्चमधील पाइप ऑर्गनमध्ये 'उंदा मारिस' म्हणजे 'समुद्राची लाट' या नावाचा एक स्टॉप असतो. एकोणिसाव्या शतकात आरिस्तिद काव्हाये-कोल या फ्रेंच कारागिराच्या ऑर्गनांत 'व्हा सेलेस्त', म्हणजे 'स्वर्गीय आवाज', हा स्टॉप प्रसिद्ध झाला. दोन्हींची युक्ती एकच : नळ्यांची एक रांग बरोबर सुरात लावायची आणि दुसरी मुद्दाम किंचित बेसूर ठेवायची. दोन्ही एकत्र वाजल्या की नाद लाटेसारखा हेलकावतो.

आता या थ्रेडमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही दुसरी, बेसूर रांग बहुधा सर्वांत खालच्या सप्तकात बसवलेलीच नसते. ती त्याच्या वरच्या सप्तकापासून सुरू होते. खर्जाच्या नळ्या प्रचंड आणि महाग असतात, हे एक कारण. दुसरे कारण कानाचे : तिथे ते हेलकावे गोड लागत नाहीत, वाद्य बिघडल्यासारखे वाटते.

४/ आपल्याकडचा चार तारांचा तंबोरा आठवून पाहा. मधल्या षड्जाच्या तारा दोन, म्हणून त्यांना जोडीच्या तारा म्हणतात. खर्जाची तार मात्र एकच. मिरजेच्या कारागिराने फ्रान्सचा ऑर्गन पाहून तंबोरा बनवला, असे अर्थातच नाही. पण जोड कुठे असावी आणि कुठे नसावी याबाबत दोन दूरच्या परंपरा एकाच ठिकाणी पोहोचल्या, हे मला फार लोभस वाटते.

५/ आता अमेरिकेत येऊ. १९३५ मध्ये लॉरेन्स हॅमंड यांचा विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आला. डॉन लेस्ली नावाच्या तंत्रज्ञाला त्याचा आवाज घरात सपाट आणि निर्जीव वाटला. त्याने स्पीकरसमोर फिरणारा कर्णा बसवला. कर्णा कानाकडे येताना स्वर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो. जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचे होते तेच. हॅमंड यांनी ही कल्पना नाकारली, तेव्हा लेस्लीने १९४० च्या दशकात स्वतःच हे स्पीकर विकायला सुरुवात केली. पुढे हॅमंड आणि लेस्ली ही नावे जोडीनेच घेतली जाऊ लागली, हा नियतीचा विनोद.

लेस्लीच्या प्रसिद्ध कपाटांत ध्वनीचे ८०० हर्ट्झच्या आसपास दोन भाग होतात. वरचा भाग फिरत्या कर्ण्यातून बाहेर पडतो आणि खालचा वेगळ्या, जड ढोलातून. काही वादक तर खालचा ढोल मुद्दाम बंद ठेवत. वरचा आवाज फिरू दे, खालचा जागेवर राहू दे. ऑर्गनची जुनी शहाणीव इथे पुन्हा दिसते.

६/ १९६६ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड या अभियंत्याने दुसऱ्या टेप यंत्राचा वेग हलवून गायकाच्या आवाजाची प्रत आपोआप काढण्याची रीत शोधली. एकच ओळ दोनदा गाण्याचा जॉन लेननला आलेला कंटाळा तिच्या मुळाशी होता. पण टेपची यंत्रे पायाखाली ठेवून कोणी मंचावर उभे राहू शकत नाही.

७/ ती अडचण एका चिपने सोडवली. १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि तेअर या संशोधकांनी 'बकेट ब्रिगेड' मंडल मांडले. आग लागली की माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात. तसा इथे विद्युतभार एका धारित्राकडून पुढच्या धारित्राकडे सरकवला जातो. रांग संपेपर्यंत ध्वनीला काही मिलिसेकंद उशीर झालेला असतो. बादल्या देण्याचा वेग बदलला की विलंब बदलतो. कोरससाठी नेमके एवढेच हवे होते.

८/ ही चिप जपानमध्ये फळाला आली. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाका येथे रोलँड कंपनी स्थापन केली. १९७५ मध्ये तिचा जेसी-१२० हा अँप्लिफायर आला. त्यात दोन स्पीकर होते : एकातून मूळ ध्वनी, दुसऱ्यातून हलणारी प्रत. दोघांची भेट तारेत होत नसे, खोलीतल्या हवेत होत असे. पुढच्याच वर्षी हे मंडल वेगळ्या पेटीत घालून बॉस या नावाने विकले गेले. तेच सीई-१. वजनदार, थेट विजेच्या प्लगवर चालणारे, आणि कोरससाठी एकच घुंडी. १९७९ मध्ये तळहातावर मावणारे, बॅटरीवर चालणारे सीई-२ आले आणि पुढच्या दशकात गिटारचा तो काचेसारखा चमकता आवाज सर्वत्र ऐकू येऊ लागला.

ही सगळी यंत्रे प्रामुख्याने गिटार आणि की-बोर्ड डोळ्यांसमोर ठेवून घडली. बेस वाजवणाऱ्याचा विचार त्यांत नव्हता.

९/ म्हणून बेसवर काय होते? थोडे गणित करू. ते कंटाळवाणे नाही. बेसची सर्वांत जाड तार, खुली 'ई', सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. म्हणजे एका कंपनाला साधारण २४ मिलिसेकंद लागतात. कोरसचा विलंब फिरता फिरता १२ मिलिसेकंदांवर आला, तर प्रत बरोबर अर्धे कंपन मागे पडते. मूळ ध्वनीचा माथा आणि प्रतीचा खळगा एकमेकांवर येतात, आणि दोन्हींची पातळी सारखी असेल तर मूलस्वर चक्क विरून जातो. विलंब पुढे सरकला की तो परत येतो.

उंच स्वरांच्या बाबतीत ही बेरीज-वजाबाकी इतक्या ठिकाणी आणि इतक्या वेगाने घडते की कानाला ती झळाळी वाटते. खर्जात ती संथ असते. ऐकणाऱ्याला कोरस ऐकू येत नाही. पाया येतो-जातो असे वाटते. ड्रमवाला चिडून तुमच्याकडे पाहू लागतो.

१०/ वादकांनी यातून आपापल्या वाटा काढल्या. जाको पास्टोरियस यांनी १९७६ च्या आपल्या पहिल्या अल्बममधल्या 'कंटिन्युअम'मध्ये पेडलाची वाट पाहिली नाही. बेस दोनदा वाजवून एकावर एक ध्वनिमुद्रित केला. दोन्ही वेळा फ्रेटविरहित गळपट्टीवर बोटे सूतभर इकडेतिकडे पडली, आणि खरा, हाताचा कोरस तयार झाला. दिंडीचेच तत्त्व, फक्त दोन्ही वारकरी एकच.

११/ पीटर हूक यांची गोष्ट अधिक गमतीची आहे. जॉय डिव्हिजनच्या सरावात शेजारच्या गिटारचा अँप्लिफायर इतका मोठा असे की त्यांना स्वतःचा बेस ऐकूच येत नसे. वरच्या फ्रेटवर वाजवले तरच कानावर पडे, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. ती गरज हळूहळू त्यांची शैली बनली. त्यात इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे क्लोन थिअरी हे कोरस पेडल आले. बेस उंच स्वरांत असल्यामुळे खर्जाची अडचण उद्भवलीच नाही. तो नाद पुढे न्यू ऑर्डरमध्येही गेला. त्या पेडलाचे श्रेय अर्धे हातांना द्यावे लागते, हे ते पेडल शोधत फिरणारे अनेक जण विसरतात.

१२/ कारखान्यांनी दखल घेतली ती उशिरा. बॉसचे सीई-२बी हे खास बेससाठीचे कोरस १९८७ मध्ये आले, म्हणजे सीई-१ नंतर ११ वर्षांनी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या सीईबी-३ वर 'लो फिल्टर' नावाची घुंडी आहे. कोणत्या पातळीखालचा ध्वनी अस्पर्श ठेवायचा, हे तिने ठरवता येते. एमएक्सआरच्या बेस कोरस डिलक्समध्ये त्यासाठी १०० हर्ट्झवर विभागणारे बटण आहे, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बेस क्लोनमध्ये तसाच खटका. काव्हाये-कोल यांच्या खालच्या सप्तकात जे नसे, तेच ही घुंडी खालच्या सप्तकातून काढून घेते.

१३/ तेव्हा, मित्रा, तुझ्या प्रश्नाकडे येतो. सीई-१ ही सुंदर ऐतिहासिक वस्तू आहे, पण ती तुझ्या वाद्यासाठी घडलेली नाही. तिच्यात खर्ज वाचवणारी घुंडी नाही. जपान-अमेरिकेत विकलेले नग तिथल्या कमी व्होल्टच्या विजेवर चालतात, म्हणजे इथे ट्रान्सफॉर्मर आला. तू बँडमध्ये खालचे स्वर धरून ठेवणार असशील, तर फिल्टर किंवा विभागणी असलेले पेडल घे. बाकी साऱ्या गुणांआधी हे पाहा. त्यानंतर प्रतीची पातळी ठरवणारी घुंडी पाहा. प्रत मूळ ध्वनीच्या निम्मी ठेवली, तर सर्वांत वाईट क्षणीही मूलस्वर नाहीसा होत नाही, निम्माच उतरतो. दोन आउटपुट असतील तर उत्तम, पण ते उपयोगी पडतील दोन अँप्लिफायर असतील तेव्हाच. तुझ्याकडे एकच आहे, असे तू लिहिले आहेस.

मात्र हूक यांच्यासारखे बाराव्या फ्रेटच्या वरच रमायचे असेल, तर गिटारसाठी बनलेले साधे, स्वस्त कोरसही पुरेल. तिथे फिल्टरसाठी जास्त पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

१४/ दुकानात जाताना स्वतःचा बेस ने. दुकानदार बहुधा सवयीने वरच्या स्वरांत काहीतरी मोहक वाजवून दाखवेल. तिथे प्रत्येक कोरस छानच वाटते. तू खुली 'ई' छेड आणि आठ मात्रा ती तशीच वाजू दे. रेट कमी ठेव, डेप्थ अर्ध्यावर. स्वर मधेच पोकळ झाला तर फिल्टर फिरव. तरीही पोकळ राहिला तर पेडल परत दे. पाच तारांचा बेस असेल तर हीच परीक्षा खालच्या 'बी'वर घे. ती सेकंदाला ३१ कंपनांच्या आसपास असते, म्हणजे आणखी कठीण. आणि कोणते घेतलेस ते इथेच खाली लिही.