शिवारातील छप्पर आणि कचेरीची परवानगी

आरम नदीच्या काठी वसलेल्या सटाण्याच्या मामलेदार कचेरीचे नाव निघाले की लोकांना प्रथम आठवतात ते दुष्काळात सरकारी खजिना रयतेसाठी रिता करणारे देवमामलेदार यशवंतराव महाराज. आणि ते योग्यच आहे. परंतु बागलाणच्या शेतकऱ्याचा कचेरीशी संबंध याहून पुष्कळ नीरस कारणांनी येई, आणि त्यांपैकी एक म्हणजे जमिनीचा वापर. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ६५ व्या कलमाने शेतजमिनीवर शेतघर बांधण्याची, विहीर वा तळे खोदण्याची मुभा खातेदारास दिली. मात्र त्याच भूमीचा अन्य कारणासाठी उपयोग करावयाचा झाल्यास कलेक्टरसाहेबांची परवानगी आधी मागणे भाग होते. अर्जाची पोच दिल्यावर तीन महिन्यांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजावे, ही त्यातील तरतूद पुढच्या काळातील दप्तरदिरंगाईस लाजविणारीच म्हटली पाहिजे.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने शेतघराची व्याख्याच करून टाकली: अवजारे, खत, वैरण व पीक साठविणे, गुरे बांधणे, खातेदाराच्या कुटुंबाने वा गड्यांनी राहणे. इथली कांदाचाळ तीत बिनबोभाट बसते. जमिनीपासून उचललेला तळ, फटी ठेवून ठोकलेल्या बांबूच्या वा लाकडी पट्ट्यांच्या भिंती, वर कौले वा पत्रे आणि खालून-बाजूंनी खेळणारा वारा, एवढ्या सामग्रीवर चैत्र-वैशाखात काढलेला उन्हाळ कांदा कित्येक महिने टिकतो. शेजारीच कोणी व्यापारी वखार घालू लागला, तर मात्र प्रकरण बिनशेतीचे होई आणि अर्ज, सातबारा व नकाशा घेऊन कचेरीची पायरी चढावी लागे.